पाहुण्यांसमोरची मावशी

"मावशी, चार चहा आणा."

ही हाक माझ्या नवऱ्याने मारली. मला.

ओटीवर मुंबईचे पाहुणे बसले होते. मांडव्याच्या जेटीवर उतरून नुकतेच आलेले. मी आतल्या दारात उभी होते, पदराला हात पुसत. मला वाटलं, कामाला आणखी कोणी बाई आलीय. मी चक्क मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. त्या भिंतीवर आमच्या लग्नाचा फोटो असायचा. थोड्याच दिवसांपूर्वी तो उतरवून तिथे होडीचं चित्र लावलं होतं.

मी आत गेले. चहा टाकला. आलं किसलं. नेहमीपेक्षा जास्तच किसलं असेल, कारण एका बाईने घोट घेतला आणि म्हणाली, "मावशी, मस्त झालाय हं चहा." मी मान डोलावली. नवरा हसला. मालक हसतो तसा.

डोळ्यांत पाणी आलं नाही. दात काढायच्या आधी सुई टोचली की गाल आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. पुढे बराच काळ ते तसंच राहिलं. म्हणून हे सांगताना मी कुठे रडले, कुठे ओरडले असं कुणी शोधू नये. तसं काही फार झालं नाही.

किहीमच्या पुढे, समुद्राला लागून आमचा कोळीवाडा. माझं माहेर लांब, श्रीवर्धनकडे. लग्न होऊन आले तेव्हा हे घर दोन खोल्यांचं होतं. वर कौलं, मागे जाळी ठेवायची पडवी. सासरे आणि नवरा होडीवर जायचे, मी आणि सासू मासे विकायला अलिबागच्या बाजारात. उरलेले बोंबील अंगणात काठ्यांवर वाळत घालायचो. पुढे कौलं काढून घर वाढवलं, तेव्हा स्लॅब ओतायच्या दिवशी माणसं कमी होती. मी चार महिन्यांची पोटुशी होते, तरी रांगेत उभी राहून सिमेंटची घमेली वर दिली. कुणी सांगितलं नव्हतं. आपलं घर होतं, म्हणून दिली.

सासरे वारले. होडी विकली. आजूबाजूच्या नारळाच्या वाड्यांत बंगले उठले, आणि बंगल्यांत जागा न मिळालेले पाहुणे आमच्या आळीत विचारत फिरू लागले. नवऱ्याने होमस्टे काढला. मला वाईट वाटलं नाही. उलट मीच म्हटलं, जेवणाचं मी बघते. तेव्हा मी त्याला 'हे' म्हणायचे. 'हे आले', 'हे म्हणाले'. आता 'तो' म्हणते. कधीपासून ते नीट आठवत नाही.

तर त्या दिवशी पाहुणे समुद्रावर गेल्यावर मी त्याला विचारलं, "मला मावशी का म्हटलं?"

तो म्हणाला, "अगो, मालकाची बायको राबतेय असं कळलं की त्यांना लाज वाटते. काय मागत न्हाईत. मावशी म्हटलं की बिनधास्त मागतात. धंद्याचं हाय ते. मनाला कशाला लावून घेतेस?"

आणि ते खरंच होतं. लोक बिनधास्त मागायचे. मावशी, बोंबील अजून कुरकुरीत करा. मावशी, भाकरी गरमच हवी. मावशी, बाळाने चादरीवर शी केलीय. पाहुण्यांसमोर नवऱ्याची भाषाही बदलायची. 'हाय'चं 'आहे' व्हायचं, 'न्हाय'चं 'नाही'. मला बोलायलाच लागायचं नाही, त्यामुळे माझी भाषा होती तशीच राहिली.

मग घर जायला लागलं. एकदम नाही गेलं. एकदम गेलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं.

आधी आमची मधली खोली गेली. तिच्या खिडकीतून समुद्र दिसतो. "दिवाळीपुरती देऊ," तो म्हणाला. दारावर पाटी लागली, 'सी व्ह्यू डिलक्स'. बाळंतपणाहून पोरीला घेऊन आले तेव्हा याच खोलीत तिचा पाळणा बांधला होता. त्या खोलीची डिलक्स झाली. मग वरची खोली गेली. मग अंगणातल्या बोंबलाच्या काठ्या उपटल्या, कारण पाहुण्यांना वास येतो. पाहुणे बोंबील खायलाच आले होते, पण वास नको होता. तिथे झोपाळा बसवला. शेवटी माझा बिछाना मागच्या पडवीत गेला, जिथे जाळी असायची. पोरगी आजीजवळ झोपू लागली. तो स्वतः ओटीवर, फोन उशाशी घेऊन.

सासूला मात्र त्याने पुढे ठेवलं. आम्ही तिला आय म्हणतो. एरवी आय घरात गाऊन घालून वावरते. शनिवारी तिला लुगडं नेसायला लावायचा, अंगावर दागिने घालायचा आणि झोपाळ्यावर बसवायचा. पाहुणे तिच्याबरोबर फोटो काढायचे. "आजी किती गोड," म्हणायचे. आय बसायची. पाय दुखले तरी बसायची. एकदा ती मला म्हणाली, "मी मेली तं हा मला भुसा भरून बसवंल हितं." आम्ही दोघी हसलो. खूप दिवसांनी हसलो होतो.

माझी मुलगी तन्वी. तेव्हा चौथीत होती. पाहुण्यांना कोकम सरबत द्यायचं काम तिला आवडायचं. एकदा ती सरबताचा ट्रे घेऊन ओटीवर गेली आणि आत तोंड करून ओरडली, "आई, बर्फ कुठाय?" एक बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "अय्या, ही तुमची मुलगी?" मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याचा चेहरा उतरला.

त्या संध्याकाळी त्याने तन्वीला मांडीवर घेऊन समजावलं. मी तिथेच भांडी घासत होते.

"पाहुने आले की आईला मावशी म्हनायचं. आपला गेम हाय तो. पाहुने गेले की परत आई. जमंल?"

"जमेल," ती म्हणाली. तिला गंमत वाटली. मुलांना असल्या गोष्टींत गंमत वाटतेच.

मी भांडी घासत राहिले. हे मी कुणाची दया यावी म्हणून सांगत नाही. मी तिथे होते आणि मी बोलले नाही, एवढंच.

तन्वी हुशार. पटकन शिकली. "मावशी, काकांना पाणी." "मावशी, ताईंना चमचा." कधी चुकली नाही. थंडीच्या दिवसांत एक बाई आल्या होत्या, फार प्रेमळ. जाताना त्यांनी पिशवीतून एक फ्रॉक काढला. थोडा वापरलेला, पण चांगला. माझ्या हातात देत म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला मुलगी आहे ना, तिला होईल." तन्वी माझ्या शेजारीच उभी होती. बाईंनी जाता जाता तिच्या गालाला हात लावला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तुमची मुलगी मात्र किती स्मार्ट आहे!" त्यांना वाटलं, या दोन वेगळ्या मुली आहेत. एक मालकाची, एक मावशीची.

फ्रॉक तन्वीला अगदी बरोबर बसला. नवरा म्हणाला, "पाहुण्यांसमोर नको घालू."

मग पावसाळा लागला. समुद्र खवळला, बोटी बंद झाल्या, पाहुणे यायचे थांबले. घर रिकामं. दुपारची वेळ. मी चुलीसमोर जवळा परतत होते. तन्वी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "मावशी, भूक लागली."

घरात कुणी नव्हतं. मी, ती आणि झोपलेली आय.

मी म्हटलं, "काय म्हणालीस?"

ती थांबली. ओटीकडे वाकून पाहिलं. मग हळूच विचारलं, "पाहुणे आहेत?"

"न्हाय."

"मग आई," ती म्हणाली, आणि हात धुवायला गेली.

मी तिला भात वाढला. जवळा वाढला. ती जेवली. मी बघत बसले. तिने मुद्दाम काही केलं नव्हतं. तिच्या जिभेला सवय झाली होती. मी विचार केला, अजून थोडे सीझन गेले की तिला आठवावं लागेल. मग एक दिवस आठवणारही नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. बधिर झालेल्या गालाला परत जाग येते तेव्हा आधी दुखतं, ते मला माहीत होतं. तसंच झालं.

मी रात्रीपर्यंत थांबले नाही. तो बाजारातून आल्याआल्या सांगितलं, "यापुढं तन्वी मला मावशी म्हणणार न्हाय. तू पण न्हाय."

मी त्याला पहिल्यांदा 'तू' म्हटलं. त्याचं लक्ष मी काय म्हणाले यापेक्षा त्या 'तू'वर गेलं.

भांडण झालं नाही. तो भांडणारा माणूसच नव्हे. थोड्या दिवसांनी तो माझ्यासमोर येऊन बसला आणि पाहुण्यांशी बोलतो त्या भाषेत बोलला. "आपलं जमत नाही. समजुतीने घेऊ. परस्पर संमतीने मोकळे होऊ. तुलाही सुख, मलाही." दुसरी कुणी होती का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. मला त्याच्यातलं काही नको होतं आता. पण मोकळं होऊन मी जायचं कुठे, हे त्याने आधीच ठरवलेलं होतं.

"सध्या तू चार दिवस माहेरी जाऊन ये," तो म्हणाला. "घराला रंग काढायचाय. पुढचं मग बघू."

आमच्याकडे बाईने चार दिवस माहेरी जाणं ही काय मोठी गोष्ट आहे? बाळंतपणाला जाते, गौरीला जाते, कंटाळा आला तरी जाते. कुणी विचारतही नाही. म्हणून मीही विचारलं नाही. पिशवी भरली. तन्वीची शाळा होती, ती आजीजवळ राहणार होती. माझा भाऊ श्रीवर्धनहून गाडी घेऊन आला. त्याला सगळं माहीत होतं, हे मला नंतर कळलं. नवऱ्याने त्याला आधीच फोन केला होता. 'बहिणीला घेऊन जा, थोडं समजाव' म्हणाला होता. दोघं पुरुष समजुतीने वागत होते.

मी पिशवी घेतली. पायात चपला घातल्या. आयच्या पाया पडले. तिने डोक्यावर हात ठेवला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. पायरी उतरणार, तेवढ्यात नवरा मागून म्हणाला,

"चावी ठेवून जा."

लग्नानंतर सासूने चाव्यांचा जुडगा माझ्या कमरेला दिला तेव्हापासून तो तिथेच आहे. पडवीत झोपायला गेले तरी तिथेच. मी मागे लग्नांना गेले, बाळंतपणाला गेले, भावाच्या घरभरणीला गेले. कुणी चावी मागितली नव्हती.

चार दिवसांसाठी जाणाऱ्या बाईकडे चावी कोण मागतं?

मी चपला काढल्या. पायरीवर नीट जोडून ठेवल्या. पिशवी आत नेऊन ठेवली. भाऊ गाडीतून उतरला. "ताय, चल ना," म्हणाला. "लोक बघतात. उगाच तमाशा कशाला?"

"तमाशा कुठंय? बस, चहा टाकते," मी म्हटलं.

त्याला चहा दिला. तो खाली मान घालून प्यायला. मी त्याला म्हटलं, "तुझ्या घरी मी येईन. पाहुणी म्हणून येईन, चार दिवस राहीन आणि परत माझ्या घरी जाईन. हे घर सुटलं तर तुझ्याकडं पण मी मावशीच होईन, तुझ्या पोरांची."

त्याला राग आला. आतेला मावशी कशी म्हणतील पोरं, असं काहीतरी पुटपुटला. त्याला समजलं नाही. तो गेला. नवरा ओटीवर उभा राहून फोनवर बोलत होता. बोलत होता का नुसता फोन कानाला लावून उभा होता, देव जाणे.

पूर्वी माझ्याकडून पापलेट घेणारी एक वकील बाई अलिबागला होती. मी तिच्याकडे गेले. तिने एकच गोष्ट परत परत सांगितली. "घर त्याच्या नावावर असलं तरी ते तुमचं राहतं घर आहे. कोर्टाशिवाय तुम्हाला कुणी बाहेर काढू शकत नाही. पण तुम्ही स्वतःहून पाय बाहेर टाकू नका." मी म्हटलं, "पाय टाकलेला, काढून घेतला." ती हसली आणि माझा अर्ज कोर्टात टाकला.

कोर्टात त्याचा वकील उभा राहिला. गोरा, स्वच्छ माणूस. तो म्हणाला, अर्जदार बाई मुख्य घरात राहतच नाहीत. मुख्य घर व्यवसायाचं आहे. त्या मागच्या पडवीत वेगळ्या राहतात आणि व्यवसायात मदत करतात. येणारे पाहुणे त्यांना मावशी म्हणूनच ओळखतात. घराची मालकीण म्हणून कुणीही ओळखत नाही.

मी ऐकत होते. एक शब्द खोटा नव्हता.

तेव्हा मला कळलं, मला हाक मारून मारून कुठे नेऊन ठेवलं होतं. त्याने हे सगळं पहिल्या चहापासून ठरवलं होतं असं मी म्हणणार नाही. तेवढा तो हुशार नाही. पण बायकोला मावशी म्हटलं की तिची खोली भाड्याने देता येते. खोली दिली की ती पडवीत जाते. पडवीत गेली की ती घरात राहत नाही, असं सांगता येतं. आणि घरात राहतच नाही तिला घर कशाला? सगळं आपोआप होतं. नुसती एक हाक पुरते.

न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी वकिलाला थांबवलं आणि मला साधंच विचारलं, "घरात मुलगी तुम्हाला काय म्हणते?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत होता.

"पाहुणे असले की मावशी," मी म्हटलं. "नसले की आई."

"असं कोणी सांगितलं तिला?"

मी त्याच्याकडे बोट केलं. बाईंनी नवऱ्याला विचारलं, हे खरं आहे का. तो म्हणाला, "मॅडम, ते फक्त व्यवसायासाठी." त्यांनी पुढे काही विचारलं नाही. घटस्फोटाचं चालेल तेव्हा चालेल, तोवर मला घरातून काढायचं नाही, मला पूर्ण घरात राहू द्यायचं, असा हुकूम झाला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी एसटी पकडून घरी आले.

कमरेचा जुडगा काढला. मधल्या खोलीचं कुलूप उघडलं. पांढऱ्या चादरी घडी करून ठेवल्या. टॉवेलाचा केलेला हंस उलगडला, त्याचा टॉवेल झाला. माझी गोधडी आणून पलंगावर टाकली. पाटी काढायला खुर्ची लागली, ती आयने आणून दिली. देऊन आत गेली.

शनिवारी पाहुणे आले. नवऱ्याने ती खोली कबूल करून ठेवलेलीच होती. कोर्टाचा कागद त्याच्या खिशात होता, पण सवय काही खिशात राहत नाही. मी पलंगावर बसले होते, दार उघडं. तो बाहेरून गोड आवाजात म्हणाला, "मावशी, जरा खोली दाखवता का?"

मी दारात आले. त्या लोकांकडे पाहून म्हटलं, "ही खोली भाड्याची न्हाय. हितं मी राहते. मी याची बायको हाय, मावशी न्हाय. वरची खोली बघा, चांगली हाय."

ते गोंधळले. चांगली माणसं होती, संकोचली. त्यातल्या बाईला काय बोलावं सुचेना, म्हणून तिने सरबताचा ट्रे धरून उभ्या असलेल्या तन्वीला विचारलं, "हो का गं? मग या तुझ्या कोण?"

तन्वीने बापाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. ट्रेमधले ग्लास वाजले.

"मावशी," ती म्हणाली.

मी तिला रागावले नाही. जवळही घेतलं नाही. ट्रे तिच्या हातातून घेतला, पाहुण्यांना सरबत दिलं आणि माझ्या खोलीत जाऊन बसले. आतून फार दुखलं. दुखलं ते बरं झालं.

तेव्हापासून मी याच खोलीत आहे. केस चालू आहे. तारखा पडतात. अंगणात बोंबलाच्या काठ्या मी परत रोवल्या आहेत. पाहुणे कमी झाले आहेत. नवरा म्हणतो, तू धंदा बसवलास. बसू दे.

लोकांना वाटतं, मी भिंतींसाठी भांडतेय. समुद्र दिसणाऱ्या खिडकीसाठी. गावातल्या बायकाही म्हणतात, घे बाय काय देतो ते आणि सूट. मी सुटणार त्याच्यापासून. त्याला तो कागद मिळेल, माझी सही मिळेल. घर मिळणार नाही. मी इथून गेले तर माझ्या पोरीसाठी मी कायमची ती बाई होईन, जी इथे कामाला होती आणि मग गेली. कोर्ट मला खोली देऊ शकतं. तिच्या तोंडातली हाक देऊ शकत नाही. ती मला इथेच राहून, रोज तिच्या डोळ्यांसमोर या घरात मालकिणीसारखं वावरून परत घ्यायची आहे.

ओटी माणसांनी भरलेली असेल आणि त्या सगळ्यांसमोर ती मला आई म्हणेल, त्या दिवसापर्यंत मी हलणार नाही. म्हटल्यावरही हलणार नाही. चावी माझ्या कमरेला आहे.